विटगेनस्टाइन मास्तरांच्या खोऱ्यात

व्हिएन्नाहून दक्षिणेकडे जाणारी गाडी सुमारे ७५ किलोमीटरवर ग्लॉग्निट्सला थांबते. इथून झेमरिंगचा प्रसिद्ध रेल्वेघाट सुरू होतो. कार्ल फॉन गेगाच्या देखरेखीखाली तो १८५४ मध्ये पूर्ण झाला आणि १९९८ पासून जागतिक वारसा म्हणून मिरवतो आहे. डब्यातले बहुतेक प्रवासी त्याच्याचसाठी खिडक्या अडवून बसलेले असतात. लुडविग विटगेनस्टाइन या मास्तरांचं गाव पाहायचं असेल, तर मात्र घाट लागण्यापूर्वीच उतरावं लागतं.

युरोपातल्या बड्या पोलाद कारखानदारांपैकी एकाचा हा मुलगा. बर्लिनला इंजिनिअरिंग, मँचेस्टरला विमानविद्या, मग केंब्रिजमध्ये बर्ट्रांड रसेलच्या हाताखाली तर्कशास्त्र. १९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा हर्नियामुळे त्याला घरी बसता आलं असतं. तो स्वतःहून भरती झाला. १९१६ मध्ये रशियन आघाडीवर त्याने निरीक्षण चौकी मागून घेतली. शत्रूचा मारा हमखास होणार तो तिथेच, म्हणून तर मागितली. रौप्य शौर्यपदक मिळालं. जून १९१८ मध्ये इटालियन आघाडीवरच्या कामगिरीसाठी सुवर्णपदकाची शिफारसही झाली होती, पण हाती पडलं दुसरंच पदक. सैनिकाच्या पिशवीत टॉलस्टॉयने लिहिलेलं शुभवर्तमानाचं छोटं पुस्तक आणि तर्कशास्त्राच्या वह्या असत. त्या वह्यांतूनच 'ट्रॅक्टेटस' हे त्याचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक तयार झालं. युद्धकैदी म्हणून इटलीत काही महिने काढून तो परतला, वाट्याची सगळी संपत्ती भावंडांच्या नावे केली आणि तिशी गाठलेली असताना अध्यापक विद्यालयात जाऊन बसला. अंगात अजून लष्करी कोटच होता. थोरली बहीण हेर्मिना चक्रावली. इतक्या बुद्धीच्या माणसाने खेड्यात पोरं शिकवणं तिला नाजूक उपकरणाने खोकी उघडण्यासारखं वाटलं.

आधी त्याला मारिया शुट्स हे ठिकाण देऊ केलं होतं. तिथे बाग आणि कारंजं पाहून त्याने नकार दिला, असं सांगतात. त्याला निखळ खेडं हवं होतं.

ते ट्राटेनबाखला मिळालं. ग्लॉग्निट्सहून डोंगर ओलांडून खाली उतरलं की आधी ऑटरटाल लागतं, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला ट्राटेनबाख. गोष्टीचा शेवट जिथे झाला ते गाव वाटेत आधी येतं. क्रमाने जायचं तर ते तात्पुरतं मागे टाकून पुढे सरकायचं.

१९२० च्या शरद ऋतूत मास्तर इथे रुजू झाले. सकाळचे पहिले दोन तास गणित, तेही नेमलेल्या अभ्यासक्रमाच्या कितीतरी पुढचं. मुलांबरोबर त्यांनी मेलेल्या मांजराच्या हाडांचा सांगाडा जोडला. मुलांना घेऊन व्हिएन्नाला गेले, तिथल्या इमारती आणि यंत्रं दाखवली. परतताना ग्लॉग्निट्सपासून रात्रीच्या अंधारात जंगलातून पायी, वाटेतल्या दगडांची आणि झाडांची ओळख करून देत. गावातल्या कापड गिरणीचं वाफेचं इंजिन बंद पडलं आणि इंजिनिअरांनी हात टेकले, तेव्हा मास्तरांनी चार माणसांना हातोडे देऊन ठराविक क्रमाने ठोके मारायला लावले, आणि इंजिन सुरू झालं! या आठवणीला सांगता सांगता थोडी कल्हई चढली असणार. पण बक्षीस म्हणून मिळालेलं लोकरी कापड त्यांनी गरीब मुलांना वाटून टाकलं, हा भाग त्यांच्या स्वभावाशी पुरेपूर जुळतो.

हुशार मुलांना असे मास्तर म्हणजे पर्वणीच. बाकीच्यांचं काय? गणित न आलेल्यांचे कान आणि केस ओढले जात, थोबाडीत बसे. मुलींचीही सुटका नव्हती. मारणारे मास्तर त्या काळी गावोगाव होते, पण बीजगणितासाठी मुलीला मारणं इथल्या शेतकऱ्यांनाही अति वाटे. मास्तरांचंही गावाशी पटलं नाही. ट्राटेनबाखची माणसं नीच आहेत, असं त्यांनी रसेलला कळवलं. सगळीकडचीच माणसं तशी असतात, असं रसेलने समजावलं; ते त्यांना मान्य झालं नाही.

१९२२ ते १९२४ ही वर्षं श्नेबेर्ग पर्वताच्या पायथ्याच्या पुखबेर्गला गेली. आता तिथे लोक १८९७ पासून चालणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीसाठी येतात. १९२३ मध्ये फ्रँक रॅम्से हा वीस वर्षांचा केंब्रिजचा विद्यार्थी आला तो मास्तरांना भेटायला. चुना लावलेली एक चिमुकली खोली, बिछाना, छोटं टेबल, कडक खुर्ची; रात्रीच्या जेवणाला जाडा पाव, लोणी आणि कोको. शाळा सुटली की दोघं रोज चार-पाच तास 'ट्रॅक्टेटस'ची ओळ न् ओळ पिंजत बसत.

आता मागे ठेवलेलं ऑटरटाल. इथल्या शाळेत मास्तरांचं सगळ्यात टिकाऊ शालेय काम झालं: प्राथमिक शाळांसाठीचा ४२ पानी शब्दकोश. बाजारातले कोश मुलांच्या आवाक्याबाहेर महाग, नाहीतर अपुरे. म्हणून त्यांनी आधी मुलांकडूनच शब्द लिहवून घेतले. आपली चूक मुलाने स्वतः शोधून दुरुस्त करावी, हा हेतू. त्यात ग्रामीण ऑस्ट्रियाच्या बोलीतले शब्दही आले. १९२६ मध्ये कोश छापून आला. 'ट्रॅक्टेटस'खेरीज त्यांच्या हयातीत निघालेलं हे एकमेव पुस्तक.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका आजारी मुलाच्या डोक्यात मारलं. मुलगा वर्गातच कोसळला. मास्तर त्याला उचलून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवून घाईने शाळेबाहेर निघाले, तोच वाटेत एका मुलीचे वडील भेटले आणि तुम्ही शिक्षक नव्हे, जनावरांना वळण लावणारे आहात, असं तोंडावर सुनावून गेले. २८ एप्रिलला राजीनामा. ग्लॉग्निट्सला चौकशी झाली, ठपका आला नाही. या चौकशीत आपण खोटं बोललो, ही टोचणी मात्र त्यांना पुढे कित्येक वर्षं छळत राहिली.

दहा वर्षांनी, केंब्रिजमध्ये नाव झालेलं असताना, ते ऑटरटालला परत आले आणि घरोघर जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागितली. निरीक्षण चौकी मागून घेणाऱ्या सैनिकाला शोभेल असंच हे धाडस, फक्त याचं पदक मिळत नाही. काहींनी मोकळ्या मनाने माफ केलं. जिला त्यांनी मारलं होतं अशी एक जण नुसतं 'हो, हो' एवढंच म्हणाली. तिने तेवढंच म्हणावं यात काही वावगं वाटत नाही.

ऑटरटालहून ओढ्याच्या खालच्या दिशेला किर्खबेर्ग आहे. १९७६ पासून दर ऑगस्टमध्ये विटगेनस्टाइनवरच्या परिसंवादासाठी इथे जगभरचे तत्त्वज्ञ येतात. त्यांच्या वादांचा मोठा भाग मास्तरांच्या मृत्यूनंतर, १९५३ मध्ये निघालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'भोवती फिरतो. मूल शब्द कसे शिकतं, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पहिल्या पानांपासूनच येतो. त्यात या खोऱ्यातल्या वर्गांचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही.