टोळ मोठा करून काय साधलं?

२०२२ साली आलेल्या ‘जुरासिक वर्ल्ड: डोमिनियन’बद्दल बहुतेकांची तक्रार एकच होती: डायनोसॉर बघायला गेलो आणि टोळ बघून आलो. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. आयुष्य कीटकशास्त्रात गेल्यामुळे पडद्यावर टोळ आले तेव्हा मी सरसावून बसलो होतो. पण दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो यांनी टोळ आणला आणि त्याच्यातलं जे खरोखर भयंकर, तेवढंच वगळलं.

कथा थोडक्यात अशी. बायोसिन नावाची कंपनी क्रेटेशियस काळातल्या जनुकांची भेसळ करून वीतभराहून मोठे टोळ तयार करते. हे टोळ अमेरिकेतली शेतं फस्त करतात, पण बायोसिनचं बियाणं पेरलेल्या शेताला तोंड लावत नाहीत. शास्त्रज्ञ एली सॅटलरच्या हे ध्यानात येतं. जुना सहकारी अ‍ॅलन ग्रँटला घेऊन ती कंपनीच्या इटलीतल्या मुख्यालयात शिरते, मग पळापळ, आग, पेटलेले टोळ रानावर कोसळतात वगैरे वगैरे. शेवटी कंपनीचाच शास्त्रज्ञ डॉ. वू एक सुधारित टोळ हवेत सोडतो आणि जगावरचं संकट टळतं.

आधी आकाराचं बघू. कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत जाते. टोळ लांबीला पाचपट केला तर त्याचं वजन सव्वाशे पट होतं, पंखांचं क्षेत्रफळ मात्र पंचवीस पटच. असा टोळ उडण्याआधीच धापा टाकेल. अवाढव्य कीटक होऊन गेले, हे खरं. चतुरासारखा दिसणारा मेगान्यूरा पंख पसरून सुमारे ६५ सेंटिमीटर भरायचा. पण तो ३० कोटी वर्षांपूर्वीचा, हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता तेव्हाचा. डायनोसॉर त्याच्यानंतर काही कोटी वर्षांनी आले. बायोसिनने जनुकं काढली ती चुकीच्या कपाटातून.

तरी हे सगळं माफ. विज्ञानपटाने एक थाप मारावी आणि प्रेक्षकाने ती पचवावी, असा व्यवहारच असतो. पण ही थाप मारून हाती काय लागलं? आणखी एक मोठं जनावर. आणि मोठी जनावरं या चित्रपटात पैशाला पासरी आहेत.

खरा वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा मातकट रंगाचा, भिडस्त, रात्री उडणारा, दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकणारा. पाऊस पडतो, वाळूत हिरवळ येते, पिल्लं वाढतात. मग हिरवळ आटते आणि उरलेल्या झुडपांवर सगळ्यांची दाटी होते. मागच्या पायांना एकमेकांचे धक्के लागत राहतात. काही तासांत चेतासंस्थेतलं सेरोटोनिन वाढतं आणि इतरांना टाळणारा तोच टोळ त्यांच्याकडे ओढला जातो. प्रयोगशाळेत हे चित्रकलेच्या साध्या कुंचल्याने घडवता येतं: पिल्लाच्या मागच्या मांडीवर तो फिरवत बसायचं. पुढे रंगही पालटतो. पिल्लं पिवळी-काळी होतात. स्थलांतरी टोळाची अशी दोन रूपं शास्त्रज्ञ दोन वेगळ्या जाती समजत होते. त्या एकच आहेत, हे बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ साली मांडलं. आणि पिल्लांची फौज पुढे का सरकत राहते? मागचा चावतो म्हणून. जो थांबतो, त्याचा फडशा पडतो. भयपटाला आणखी काय हवं?

माझा चित्रपट २०१८ मध्ये सुरू होईल. मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान, अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानातल्या रुब अल खाली या निर्जन वाळवंटात पाणी ओतून गेली. तिथे बघायला कोणी नव्हतं, त्यामुळे टोळांच्या पिढ्या निवांत वाढल्या. पुढे युद्धाने पोखरलेला येमेन, २०१९ च्या अखेरीस केनिया आणि मे २०२० मध्ये राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून आपला अमरावती-वर्धा-नागपूरचा पट्टा. ऐन टाळेबंदीत शेतकरी थाळ्या आणि डबे बडवत संत्र्यांच्या बागांत उतरले. (थाळ्यांना मार्चपासून सराव होताच.) एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ मावतात. प्रत्येकाचं वजन दोन ग्रॅम आणि रोजचं खाणं जवळपास तेवढंच.

बियाण्याच्या मक्तेदारीची कल्पना मात्र मी ट्रेव्हॉरोंकडून उचलीन, कारण चित्रपटात तीच एक अस्सल गोष्ट होती आणि तिचं त्यांनी मातेरं केलं. विदर्भाला तिचा शेवट ठाऊक आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बोंडअळी मरू लागली आणि जो तो तेच बियाणं लावू लागला. मग गुलाबी बोंडअळी त्या कापसातल्या कीडनाशक विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने पऱ्हाटीची बोंडं आतून पोखरली. कीटकांच्या पिढ्या भराभर होतात. कोट्यवधींत चार वाचले तरी पुढची पिढी त्यांची असते. म्हणून माझ्या चित्रपटात बायोसिनचा प्रमुख डॉजसन तीन हंगाम खुशीत असेल. चौथ्या हंगामात तो स्वतःच्या शेतात वाकेल, तेव्हा कंपनीच्याच रोपाचं पान एक टोळ कडेने कुरतडत असेल. त्यावर कुठल्याही डॉक्टर वूने सोडलेला एकुलता एक टोळ पुरा पडणार नाही.

कोणा दिग्दर्शकाला ही कथा हवी असेल तर खुशाल घ्यावी. मानधन नको. टोळ मात्र आठ-नऊ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये.