औषधालाही थंडी वाजते

दिवाळी सरली की नाशिकच्या थंडीचे कौतुक सुरू होते. आमच्या इंदिरानगरात पहाटे फिरायला निघालेली मंडळी नमस्काराच्याही आधी रात्रीचे तापमान सांगतात, आणि आकडा जितका खाली तितका सांगणाऱ्याचा आवाज वर! निफाडचा पारा दोन-तीन अंशांवर उतरल्याचे वाचले की पूर्वी मलाही उगीच अभिमान वाटे. निफाडजवळ माझी आत्या राहते ना!

आत्याला मधुमेह आहे. रोज दोनदा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. ते तालुक्याला मिळत नाही असे नाही. पण तिचा भरवसा नाशिकच्या दुकानावर आणि, खोटे कशाला सांगू, माझ्या पाठवणीवर. उन्हाळ्यात माझे पार्सल पाहण्यासारखे असे. थर्माकोलच्या डब्यात फ्रीझरमधले टणक आइसपॅक, त्यांना बिलगून बाटल्या, वरून चिकटपट्टीचे वेढे. टोमॅटो घेऊन मार्केट यार्डात आलेला आतेभाऊ परतताना तो डबा नेई. भर मे महिन्यात बाटल्या गार पोहोचत. या कलेचा मला गर्व झाला होता.

काही वर्षांपूर्वी, डिसेंबरात, तीच कला नडली. डबा नेहमीसारखाच भरला. थंडी होती, म्हणून उलट निर्धास्तच होतो. आतेभावाने संध्याकाळी डबा ओसरीवर टेकवला आणि तो तडक द्राक्षबागेकडे धावला. कडाक्याच्या रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचे पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. नाहीतर मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, वर्षाची मेहनत पाण्यात. घरातली सगळी पोरे रात्रभर द्राक्षांना थंडीपासून जपत होती. आणि ओसरीवर आत्याचे औषध गोठत होते.

उन्हाळ्यात बाहेरचे ऊन त्या बर्फाचा जोर खाऊन टाकी. निफाडच्या रात्रीत त्याला कोण खाणार? (उन्हाळ्यातही मी नशिबानेच निभावलो असेन, असे आता वाटते.) सकाळी बर्फाचे पाणी झाले, औषधही पुन्हा पातळ झाले. एकदा गोठलेले इन्सुलिन सुटले तरी टाकूनच द्यायचे असते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक? आत्या घड्याळाच्या काट्यावर टोचून घेत राहिली आणि साखर चढत राहिली. तहान भागेना, उठवेना. सुनेला वाटले, सासूबाईंनी लग्नातली जिलेबी चोरून खाल्ली. आत्याने शपथा घेतल्या, कोणी ऐकेना. अखेर दवाखान्यात ठेवावे लागले. तेथल्या डॉक्टरांनी बाटली खिडकीशी धरली. त्या दुधाळ औषधात नासलेल्या दुधासारख्या बारीक कण्या होत्या.

मी भेटायला गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, जिलेबी मी खाल्लीच नव्हती." एवढेच. त्यापेक्षा रागावली असती तर बरे.

गावातल्या आरोग्यसेविकाबाईंनी मग मला शिकवले. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा माणसाला टोचले गेलेले हे औषध न उघडलेल्या बाटलीत दोन ते आठ अंशांत ठेवायचे. ऊन सोसत नाही तशी गोठणही सोसत नाही. लसींचेही तसेच : तोंडाने द्यायची पोलिओची लस गोठली तरी चालते, हिपॅटायटिस-बीची वाया जाते. म्हणून त्या आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात ठेवत नाहीत. बाहेर राहू देतात, अधूनमधून कानाशी धरून हलवतात. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, की मगच ते भरायचे.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात आइसपॅक कानाला लावून उभा असतो. सौभाग्यवती म्हणतात, "कोणाचा फोन?" पाणी वाजले की मी तो डब्यात ठेवतो, आणि बाटल्या त्याला शिवू नयेत म्हणून त्या माझ्या जुन्या लोकरी मफलरात गुंडाळतो.

पहिला असा डबा पोहोचला त्या रात्री आत्याचा फोन आला. "बाटलीला मफलर धाडलास रे," ती म्हणाली, "आणि मला?"