ग्लासांची किणकिण

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात पियानोवर बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दिवसभरात त्यांनी पाच सेट वाजवले. ते रेकॉर्डिंग मी पुण्यात, रात्री दोन वाजता, हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकलं.

आधी ऐकू आली ती लोकांची गडबड. ग्लास किणकिणतायत, कुणी हसतंय, कुजबुज चाललीय. आपल्याकडे मैफलीत लोक एवढे बोलले असते तर बुवा उठून गेले असते! मग हळूहळू बास ऐकू यायला लागला. लाफारो नुसता मागे ठेका धरून बसत नाही. तो पियानोशी बोलतो, वाक्य अर्धवट सोडतो, एव्हान्स ते पुढे नेतो. सम शोधणारा माझा कान पार गोंधळून गेला, पण हेडफोन काढवेना.

नंतर वाचलं की लाफारो तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्यानंतर ११ दिवसांनी कार अपघातात गेला. एव्हान्सनं कित्येक महिने वाजवणं थांबवलं. त्या रविवारी हसणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

माझे बाबा कविता करायचे. छापली एकही नाही. ते गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये त्यांच्या आवाजाची एकच क्लिप उरली होती. स्वयंपाकघरात ते कविता म्हणतायत, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि आई ओरडते, “अहो, गॅस बारीक करा!” मित्र म्हणाला, ॲपवर टाक, मागचे आवाज काढून देतो. मी नको म्हटलं.

मॅक्स गॉर्डननं १९३५मध्ये व्हॅनगार्ड सुरू केलं, तेव्हा तिथं कवी कविता म्हणायचे. तिथं मुख्यतः जॅझ वाजायला लागला तो १९५७पासून. त्याच सुमारास, १९५८मध्ये, लँग्स्टन ह्यूज या कवीनं चार्ल्स मिंगसच्या साथीत आपल्या कविता रेकॉर्ड केल्या. जॅझ आणि कविता एकाच टेबलावर बसायचे म्हणायचे.

व्हॅनगार्ड आजही चालू आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तिथून ऑनलाइन मैफली व्हायच्या. मी एक पाहिली. आवाज लख्ख. पण सोलो संपला आणि कुणीच टाळी वाजवली नाही. वाजवणारे क्षणभर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. त्या शांततेनं मला ग्लासांच्या किणकिणीची किंमत कळली.

गेल्या महिन्यात एका कॅफेत काव्यवाचन होतं. मी बाबांची तीच कविता वाचली. दुसऱ्या कडव्यात एकाचा फोन वाजला, काउंटरवर कपबशा आदळल्या. मी थांबले नाही. मागच्या टेबलावरची एक मुलगी रेकॉर्ड करत होती. तिच्या फोनमध्ये आता ते सगळं असेल.