टाकी गळते आहे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही असं नाही, पण जे घडलं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. ताई, तू हे वाचशीलच. आधी शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर.

तर, आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये माशांची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. बाबा २००९ साली रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी काचा मापाने कापून आणून ही टाकी घरी बनवली. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस, तयार टाकी विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आई तर म्हणाली होती की ही फुटणार आणि मला पुसायला लागणार. टाकी काही फुटली नाही. आई गेली, टाकी राहिली.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं जरा जड झालंय, पण उजवा हात अजून हवा तसा वळत नाही. व्यायामाला येणारी मुलगी त्यांना सांगते की चिमटीत बारीक वस्तू उचला. मणी उचला, डाळ उचला. बाबा तिच्यासमोर दोनदा उचलतात आणि ती गेली की वाटी सरकवून देतात. पण सकाळी आठ वाजता टाकीसमोर खुर्ची ओढून उजव्या हाताच्या चिमटीत माशांचे दाणे धरायचा प्रयत्न मात्र न सांगता करतात. अर्धे दाणे खाली पडतात. दोन गोल्डफिश आणि एक सकर काचेला तोंड लावून वाट बघत असतात. त्यातल्या मोठ्याचं नाव शेठ.

(जाणकारांनी ओरडू नये. दोन फुटांची टाकी गोल्डफिशला लहान पडते हे मला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे.)

आता मुख्य गोष्ट. दिवाळीची साफसफाई चालली होती. टाकीच्या मागे जळमटं दिसत होती. टाकी पूर्ण भरली की त्यात साधारण ७० लिटर पाणी, म्हणजे ७० किलो वजन. मी हुशारी करून अर्धं पाणी काढलं आणि खालच्या वाळूसकट टाकी चार बोटं पुढे सरकवली. "कट्" असा बारीकसा आवाज आला. मी इकडे तिकडे बघितलं. बाबा आत झोपले होते, बायको स्वयंपाकघरात होती. मागची जळमटं काढली, टाकी परत मागे ढकलली, पाणी भरलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडखाली थारोळं.

बायको म्हणाली, "बाबांची काठी लागली असेल का रे?" मी म्हणालो, "असेल." बस, एवढंच. एक शब्द. मग तुझा फोन आला तेव्हा तुलाही तेच सांगितलं गेलं आणि तू म्हणालीस की आता ती टाकी काढूनच टाका, बाबांना झेपत नाही. फोन स्पीकरवर होता. बाबा ऐकत होते. काही बोलले नाहीत.

मला वाटलं, पटकन दुरुस्त करून टाकू म्हणजे विषयच संपेल. हार्डवेअरच्या दुकानात गेलो, त्याने सिलिकॉनची नळी दिली आणि म्हणाला, "वरून लावून टाका, काही नाही होत." मासे बादलीत काढले, टाकी रिकामी करून पुसली, जुन्या सिलिकॉनवरच नवीन थापलं. एवढं करतोय तर फिल्टरचा स्पंजही नळाखाली खळखळून धुतला, चकाचक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी भरलं आणि मासे सोडले. रात्री अकराला पुन्हा तोच कोपरा ओला. चौथ्या दिवशी लहान गोल्डफिश उलटा तरंगत होता.

बाबांनी बघितलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "स्पंज... धुतलास?"

त्या स्पंजमध्ये जे जिवाणू असतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया खातात. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट होतं, जे त्यामानाने कमी घातक. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी त्या सगळ्या वसाहतीचा एका मिनिटात निकाल लावला होता. स्पंज धुवायचा तर टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. हे बाबा सोळा वर्षं करत होते आणि मी त्याच हॉलमध्ये बसून पेपर वाचत होतो.

त्यानंतर कामाची सूत्रं त्यांनी घेतली. म्हणजे ते खुर्चीत आणि मी जमिनीवर. पहिला हुकूम, शेठ आणि सकरला मोठ्या टबात ठेव, साबण कधीही न लागलेला टब. एअरपंप आणि स्पंज त्यातच चालू राहू दे, वर जाळी टाक, रोज एक तृतीयांश पाणी बदल, आणि नवीन पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असू दे. दुसरा हुकूम, नळी दाखव. मी नळी दाखवली. डाव्या हाताने चष्मा वर करून त्यांनी बारीक अक्षरं वाचली आणि नळी कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावली. बाथरूमसाठीचं सिलिकॉन होतं, बुरशी धरू नये म्हणून त्यात औषध घातलेलं. ते माशांना विष. टाकीला साधं, काही न मिसळलेलं, लावताना व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन लागतं. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. सिलिकॉन सुकेल तसा जातो.

मग आलं खरं काम. नवीन सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. हे एक वाक्य मला आधी माहीत असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. एकाच कोपऱ्यात लावलं तरी जिथे नवं जुन्याला भेटतं तिथूनच पाणी वाट काढतं. म्हणून आतल्या बाजूचे सगळे सांधे, तळाचे चार आणि उभे चार, ब्लेडने खरवडून काढायचे. पण दोन काचांच्या मधे जो पातळ थर असतो त्याला ब्लेड लागू द्यायचं नाही. टाकी त्याच्यावर उभी असते, आतली पट्टी म्हणजे वरचा बंदोबस्त. मधला थरच गेला असता तर सगळ्या काचा सुट्या करून टाकी नव्याने बांधायला लागली असती. बाबांनी बॅटरी मारून बघायला लावलं. कोपऱ्यात दोन-अडीच इंच पट्टी काचेपासून सुटली होती, मधला थर शाबूत दिसत होता.

खरवडायला दोन संध्याकाळी गेल्या. बोटांना तीनदा ब्लेड लागलं. मला वाटायचं की काच स्वच्छ झाली, आणि बाबा म्हणायचे, "नख फिरव." नख फिरवलं की कुठेतरी अडकायचंच. शेवटी ॲसिटोनने पुसायचं होतं तेव्हा बायकोने नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली पुढे केली. बाबांनी हात जोडले. त्यात तेल आणि सुगंध असतो, काचेवर थर राहतो. हार्डवेअरवाल्याकडून साधं ॲसिटोन आणलं.

पट्टी मारायचा दिवस रविवार होता. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, गनमध्ये नळी बसवली आणि हात थरथरायला लागला. सिलिकॉनवर पाच-दहा मिनिटांत साय धरते, त्याआधी बोट फिरवून टेप काढून घ्यायची. एकदा सुरुवात केली की न थांबता एका दमात टोकापर्यंत. मी थांबलो. "थांबू नको!" बाबा इतक्या स्पष्ट आवाजात ओरडले की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. दोन वर्षांत एवढा स्पष्ट शब्द आम्ही ऐकला नव्हता. पुढच्याच वाक्याला जीभ पुन्हा जड झाली, ते सोडा.

शेवटचा कोपरा मला जमत नव्हता, बोट आत नीट वळत नव्हतं. बाबा खुर्चीतून पुढे वाकले आणि उजव्या हाताचा अंगठा त्या कोपऱ्यात दाबून खाली ओढला. एकदाच. जरा वाकडा ओढला गेला. मी तो तसाच ठेवला आहे.

मग सात दिवस टाकीला कुणी हात लावायचा नाही. पाण्याची चाचणी टप्प्याटप्प्याने, आधी चार बोटं, मग अर्धी, मग पूर्ण. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, कारण कागदावर एक थेंबही लगेच दिसतो. पूर्ण भरून तीन दिवस मासे न सोडता ठेवली. मी रात्री उठून कागद चाचपायचो. कोरडा.

स्टँडवर टाकीखाली थर्माकोलचा नवीन तुकडा घालायचा होता, म्हणजे फळीच्या उंचसखलपणाचा ताण काचेवर येत नाही. जुना तुकडा मी बाबांच्या हातात दिला आणि विचारलं, टाकून देऊ का? त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. पुढच्या कडेला थर्माकोल चार बोटं फरफटला गेला होता. टाकी सरकवल्याशिवाय तसा फरफटत नाही, आणि काठीने तर नाहीच नाही.

त्यांनी तुकडा माझ्याकडे परत दिला. म्हणाले, "टाक."

मी तेव्हाही काही बोललो नाही. तो तुकडा घेऊन जिना उतरलो, कचऱ्याच्या ढिगापाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि वर आलो.

शेठ आणि सकर परत टाकीत जाऊन आता तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी सकाळी चहा घेता घेता सांगितलं बाबांना, मीच सरकवली होती म्हणून. ते दाणे मोजत होते. डबी डाव्या हातात, चिमूट उजव्या हाताची.

"पुढच्या वेळी," एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "पूर्ण... रिकामी कर. मग सरकव."

आणि चिमूट सोडली. सात दाणे पाण्यात पडले, दोन बाहेर. शेठ वर आला.