राजीनाम्यात खरे कारण लिहा

सामाजिक संस्थेतली नोकरी सोडून मला आठ महिने झाले. 'चांगली नोकरी का सोडली?' असे वर्ध्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेला: 'सोडायची तर सोडायची, पण कारण कशाला लिहायचे?' मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नावर.

समाजशास्त्रात एम. ए. केल्यावर सात वर्षे मी जिल्ह्यातल्या गावांत काम केले. संस्था दलित-आदिवासींच्या विकासाची. गावोगाव फिरणारे कार्यकर्ते बहुतेक आपले, विश्वस्त मंडळात आपला एकही नाही. बचत गट काढा, व्यसनमुक्तीची शपथ द्या, फोटो काढा, अहवाल पाठवा. अहवालात आपल्या आया-बहिणी 'लाभार्थी'. १४ एप्रिलला फोटोला हार मात्र वेळेवर! एका गावात बौद्ध कुटुंबाला मारहाण झाली. त्यांच्यासोबत मी ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगण्यात आले, 'आपली संस्था सेवा करणारी आहे, संघर्ष करणारी नाही. अशाने गावातले वातावरण बिघडते.' म्हणजे मारहाणीने बिघडले नव्हते, तक्रारीने बिघडले.

हे नवे नाही. पुणे करारानंतर १९३२ मध्ये जी अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. त्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी सरचिटणीस ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये यांत शक्ती घालवू नका. विहिरी, शाळा, वाहने यांवरच्या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा. त्यात डोकी फुटली तरी मागे सरू नका. आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधलेच घ्या. असा त्याचा आशय. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. पुढे त्यांनी संघाशी संबंध ठेवला नाही. गांधीजींचे म्हणणे होते, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच पाहावा. आज एवढाच फरक पडला की प्रायश्चित्ताची मोटारसायकल आपली पोरे चालवतात.

आणि १९५१? हिंदू कोड बिल रखडवले, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष केले, परराष्ट्र धोरण चुकले, ही सगळी कारणे बाबासाहेबांनी राजीनाम्याच्या निवेदनात मांडली. निवेदनाची प्रत आधी द्या, अशी अट सभागृहात घातली गेली, तेव्हा त्यांनी ते बाहेर पत्रकारांना दिले. प्रकृती ढासळलेलीच होती; तेवढे कारण पुरले असते. उलट, आजारपणामुळे राजीनामा दिला असे कोणी समजू नये, हे त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट केले.

माझा राजीनामा दीड पानाचा होता. 'वैयक्तिक कारण' एवढेच लिहा, अनुभव प्रमाणपत्र लगेच देतो, असे मला सांगितले गेले. मी बदलला नाही. प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही, आणि त्यापायी एक मुलाखत हातची गेली. पण सी. राइट मिल्स ज्याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो, तो आपणच सहीनिशी खासगी अडचण करून द्यायचा का? माझ्या जागी येणारा मुलगा आपलाच असणार. त्याने फाइल उघडली तर माझे काय झाले ते त्याला कळायला हवे. माझ्याआधीच्या दोघांच्या फाइलीत 'घरगुती अडचण' एवढेच होते.

सगळ्यांनी नोकऱ्या सोडा, असे मी म्हणत नाही. माझ्या पत्नीचा पगार सुरू होता म्हणून मला दीड पान लिहिता आले. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालते त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याने निदान तारीखवार टिपणे ठेवावीत, कोणी काय सांगितले ते लिहून ठेवावे. मी तसेच केले होते, म्हणून दीड पान एका बैठकीत झाले.

सध्या विहारात संध्याकाळी मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि जात पडताळणीचे अर्ज भरून देतो. मारहाण झालेल्या कुटुंबाची केस कोर्टात आहे, तारखेला त्यांच्यासोबत जातो.