माग

बापासाठी धनुष्यबाण घेऊन रानात गेलेला एसाव आपणांस ठाऊक आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा ठरली, १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्यही झाले. पण माग काढण्याची विद्या पारध्यांच्या घरांतून गेलेली नाही, हे बरेच झाले.

गेल्या माघात कुत्र्यांनी फाडलेले एक काळवीट ज्वारीत शिरले, तेव्हा आम्ही अशाच एका कुटुंबामागून चाललो. आजोबांनी खुरांच्या ठशांशी बसून रक्ताच्या थेंबाला बोट लावले. नातवाला म्हणाले, "मागचा पाय टेकत न्हाई. जवळच हाय." बाभळीखाली ते जिवंत सापडले. नातवाने त्याच्या डोळ्यांवर आपला टॉवेल टाकला.

तोवर गर्दी जमली. "फास कोणी लावला?" एकाने विचारले. इंग्रजी राजवटीने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली पुसला गेला, असे आपण मानतो. आजोबा बोलले नाहीत. वनरक्षक येईपर्यंत नातवाने टॉवेल हलू दिला नाही.