सापवाम की समुद्री साप?

आमची शाळा मालवणच्या किनारपट्टीवर. रापण ओढायला लागली की सुट्टीच्या दिवशी निम्मा वर्ग वाळूत असतो. बांगडा-तारलीबरोबर जाळ्यात कधीतरी लांबुळकं, वळवळणारं काही येतं आणि वाद सुरू होतो, साप की मासा?

वर्गात आपण सांगतो की माशाला खवले असतात. मोबाईलवरचा एक फोटो दाखवून चौथीतल्या मुलाने मला विचारलं, "बाई, ह्येच्या आंगार खवले आसत, म्हंजे मासोच ना?" फोटो समुद्री सापाचा होता! खवले सापाला असतात. सापवामीची (इंग्रजीत स्नेक ईल) कातडी मात्र गुळगुळीत, बिनखवल्यांची असते आणि तरी ती मासाच. किनाऱ्यावरच्या मुलांना हा खवल्यांचा नियम तेवढाच शिकवणं धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

मग मी पट्टी आणि पेन्सिल काढली. समुद्री सापाची शेपटी उभ्या धरलेल्या पट्टीसारखी चपटी असते, वल्ह्यासारखी पाणी मारायला. सापवामीची शेपटी टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी, टणक. बहुतेक जातींत टोकाला परच नसतो. याच टोकाने ती उलटी, शेपटीकडून वाळूत घुसते. मुलांना हे फार आवडलं. पण आपल्या नेहमीच्या वामीच्या शेपटीभोवती पर असतो, त्यामुळे तीही चपटी दिसते. म्हणून नुसत्या शेपटीवर थांबायचं नाही. डोक्यामागे कल्ल्याची फट आहे का? पाठीवर लांब पर आहे का? असेल तर मासा. सापाला दोन्ही नसतात, तो श्वास घ्यायला पाण्यावर येतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नये. एक पट्टेरी सापवाम काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री सापासारखी हुबेहूब दिसते.

हे सगळं लांबून, हात मागे बांधून बघायचं. समुद्री साप विषारी असतात, चावलेलं बऱ्याचदा दुखतही नाही. आपल्याकडचं सर्पदंशावरचं नेहमीचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, समुद्री सापाच्या नाही. तरी चावल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा. सापवाम विषारी नाही, पण दात तिलाही आहेत.

पालकांनो, ओळखायला फोटो पाठवाल तेव्हा डोकं आणि शेपटी दोन्ही येऊ द्या. आणि फोटो मोठ्यांनीच काढा.